प्रकल्प नोंदी: कूलर लागण्याआधी घ्यायचे हेडफोन

१६ फेब्रुवारी

बैठकीतले स्पीकर आता सकाळी दहानंतरच लावता येतात, कारण आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, झोप पहाटे लागते. आणि रात्री दहानंतर यजमानांना घरात आवाज चालत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून, घरचे आवरून मी मोकळी होते ती नेमकी या बंदीच्या वेळेत. त्यामुळे घरी बसून गाणे ऐकण्यासाठी वायरचे, ओपन-बॅक हेडफोन घ्यायचे ठरवले असून त्या शोधाची ही वही आजपासून सुरू करत आहे. लागणाऱ्या सगळ्या साधनांसह तीस हजार रुपयांच्या वर जायचे नाही, एवढी एकच अट यजमानांनी घातली आहे.

वायर हवी, याचे कारण साधे आहे. बॅटरी असलेले हेडफोन बॅटरी जगेल तेवढेच टिकतात, आणि मला निवृत्तीनंतरही वापरता येईल अशी वस्तू हवी आहे. ओपन-बॅक का हवेत, याला थोडे अधिक सांगावे लागेल. हेडफोनमधला पडदा हलतो तेव्हा ध्वनी कानाच्या बाजूला निघतो तसाच मागच्या बाजूलाही निघतो. बंद डबीच्या हेडफोनमध्ये मागचा ध्वनी डबीत अडकून परतत राहतो आणि त्याचा पुसटसा परिणाम कानापर्यंत पोहोचतो. ओपन-बॅकमध्ये पाठीला नुसती जाळी असते, त्यामुळे तो ध्वनी बाहेर निघून जातो आणि गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. कानाला वाराही लागतो, जे नागपुरात दुय्यम मानण्याचे कारण नाही. या रचनेचा तोटाही तिच्याच पोटी जन्मतो: आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो.

मी ऐकते ते मुख्यतः ख्याल आणि थोडे नाट्यसंगीत: किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व आणि आमच्या विदर्भाचे म्हणून घरात हक्काने ऐकले जाणारे वसंतराव देशपांडे. चाचणीसाठी तीन ध्वनिमुद्रणे नेमली आहेत. एक काळी एकमधल्या (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गायलेल्या) पुरुष आवाजाचे, एक काळी चारमधल्या स्त्री आवाजाचे आणि एक आकाशवाणीच्या काळातले जुने, मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारे, खरखर असलेले. नवे काही या यादीत घालायचे नाही, नाहीतर हेडफोनऐवजी गाणेच पारखत बसेन.

२३ फेब्रुवारी

सीताबर्डीत दोन तास गेले. दुकानांत मिळतात ते ब्लूटूथचे किंवा बंद डबीचे हेडफोन. ओपन-बॅक म्हटल्यावर एका विक्रेत्याने पाठीचे झाकण निघते असे मॉडेल दाखवले. लावून पाहण्याची सोय कुठेच नाही. तेव्हा ओळखीतल्या माणसांकडचे उसने आणूनच निवड करावी लागेल, आणि जे कानाला लावून पाहिले नाही ते विकत घ्यायचे नाही, हा नियम आजच लिहून ठेवते.

२ मार्च

शेजारचा मुलगा घरी बसून ध्वनिसंपादनाची कामे करतो. त्याच्याकडचे बायरडायनॅमिकचे डीटी ९९० प्रो, २५० ओहमचे, आठवड्यासाठी आणले. गाद्या करड्या मखमली कापडाच्या असून इतक्या मऊ आहेत की चष्म्याची दांडीही टोचत नाही. वायर मात्र हेडफोनलाच पक्की जोडलेली आणि गुंडाळीची आहे. मांडीवर तिचे ओझे जाणवते आणि ती तुटली तर घरी बदलता येण्यासारखी नाही.

स्त्री आवाजाच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या पाच मिनिटांत फार आनंद झाला. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, इतकी उजळ की तार छेडणारे बोट दिसावे. विसाव्या मिनिटाला तीच जवारी टोचू लागली. या हेडफोनमध्ये सुमारे आठ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज मुद्दाम उठवल्यासारखा येतो. संपादन करणाऱ्याला चुका ऐकायला तो उपयोगी पडत असेल, पण तंबोऱ्याचा स्वभाव त्याने बदलतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाटसर आणि किंचित उतरता असतो, तार त्याला हलके स्पर्श करत कंप पावते आणि म्हणून मूळ स्वराच्या डोक्यावर उपस्वरांची मोठी रांग उभी राहते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिले होते, आणि त्याआधी १९२० साली पुडीवर लावलेल्या शाईमुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर सुरात कसे येतात, यावरही. हेच रामन १९१० च्या सुमारास अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, ही गोष्ट मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात सांगतेच. मुद्दा असा की उपस्वरांच्या रांगेतले वरचे चार-दोन जण कोणी पुढे ढकलले, तर जवारी नीट लावलेला तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागतो. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात तर खरखर गायकाच्या पुढे येऊन बसली.

हेडफोन परत करताना त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "काकू, आता सारं शांत आहे म्हणून तुम्हाला एवढं ऐकू येऊन राहिलं. कूलर लागू द्या, मग बोला." तेव्हा मी हसले.

९ मार्च

आज फक्त आकडे. उत्पादक हेडफोनची संवेदनक्षमता, म्हणजे किती विजेला किती आवाज, दोन वेगळ्या रीतींनी लिहितात आणि ग्राहक ते आकडे सरळ शेजारी ठेवून फसतो. डीटी ९९० प्रोसाठी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल असे लिहिलेले असते; सेनहायझरच्या एचडी ६०० साठी १ व्होल्टला ९७ डेसिबल. वाचायला दोन्ही जवळपास सारखे. पण २५० ओहमला १ व्होल्ट दिला की त्यात ४ मिलिवॅट खर्च होतात, म्हणजे ६ डेसिबल वाढतात, म्हणजे पहिल्याचा आकडा व्होल्टच्या भाषेत १०२ झाला. ओहम जवळजवळ तेवढेच (३००) असूनही एचडी ६०० पाच डेसिबलने मंद आहे. त्याच घराण्यातला एचडी ५६०एस हा १२० ओहमचा आणि १ व्होल्टला ११० डेसिबल देणारा, म्हणजे चालवायला फारच सोपा. "जास्त ओहम म्हणजे जड" हे अर्धेच खरे आहे; किती व्होल्टला किती आवाज, हे विचारले पाहिजे.

माझ्या मोबाइलच्या डोंगलमधून, म्हणजे वायरचे हेडफोन लावण्याच्या छोट्या जोडामधून, पूर्ण आवाजावर किती व्होल्ट निघतात ते मल्टिमीटरने मोजले: ०.९८. चाचणीसाठी १०० हर्ट्झचा स्वर वापरला, कारण स्वस्त मल्टिमीटर वरच्या कंपनसंख्येला विश्वासू राहत नाही. म्हणजे एचडी ६०० ला डोंगलमधून जास्तीत जास्त ९७ डेसिबलच्या आत मिळतील. शांत खोलीत सरासरी ७५ डेसिबलवर ऐकले तर तानेच्या, समेच्या उसळीला वीसेक डेसिबल शिल्लक राहतात, म्हणजे जेमतेम पुरते. जुनी ध्वनिमुद्रणे मुळातच हळू भरलेली असतात. तिथे हात आखडेल.

प्लॅनर जातीचे, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे, हायफायमॅनचे एचई४००एसई किमतीत सहज बसतात, पण त्यांचे वजन ३९० ग्रॅमच्या आसपास आहे आणि एचडी ६०० चे २६०. माझ्या मानेचा इतिहास पाहता हा प्रश्न इथेच संपला.

१६ मार्च

उत्तरपत्रिका आल्या. नोंद नाही.

२३ मार्च

संगीताच्या वर्गातली माझी जुनी मैत्रीण धरमपेठेत राहते. तिने तिचे एचडी ६०० महिनाभरासाठी दिले आहेत. जोड बारा वर्षांची आहे. गाद्या तिने एकदा बदलल्या, वायर एकदा. हे मॉडेल १९९७ सालचे असून अजूनही विकले जाते आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग हाताने सुटा होतो, ही माहिती मला कोणत्याही आलेखापेक्षा जास्त मोलाची वाटते.

पहिला अनुभव थोडा निराशेचाच होता. काहीच घडत नाही असे वाटले. मग लक्षात आले की पाऊण तास झाला आहे आणि मी हेडफोनविषयी एकही ओळ लिहिलेली नाही. गळा मधोमध, अगदी जवळ, त्याच्या सगळ्या कणसुरांसह; तंबोरे दोन बाजूंना, आपापल्या जागी; जवारी आहे, पण ती गायकाच्या मागे बसून आहे. मोनो ध्वनिमुद्रणात सगळेच डोक्याच्या मध्यावर गोळा होते, त्याला कोणत्याच हेडफोनचा इलाज नाही, मात्र खरखर इथे मागे राहते आणि शब्द पुढे येतात.

या हेडफोनविषयी तक्रार ऐकू येते ती खालच्या स्वरांची: साधारण ६० हर्ट्झखाली आवाज उतरू लागतो. ओपन-बॅकच्या रचनेत हे बहुतेकांना भोगावे लागते. मी वहीत हिशेब मांडला. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, त्याचा खर्ज निम्म्यावर, म्हणजे ६९.३. काळी चारचा खर्ज १०३.८. माझ्या ऐकण्यातला सर्वांत खालचा तंबोऱ्याचा स्वर उताराच्या अलीकडेच थांबतो. ज्यांना त्याखालचे विद्युत्-संगीत ऐकायचे त्यांनी दुसरीकडे पाहावे. माझे काही अडत नाही.

२९ मार्च

बैठकीतल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोनचे छिद्र आहे. त्यात लावल्यावर डग्गा एकदम भरदार झाला आणि आवाजही भरपूर मिळाला, म्हणून आनंदाआधी संशय आला. अशा यंत्रांत पुष्कळदा स्पीकरकडे जाणारा प्रवाहच मोठ्या रोधातून हेडफोनला देतात. १२० ओहमचा रोध जोडून मोजले: मोकळे असताना १ व्होल्ट, रोध जोडल्यावर ०.२७. म्हणजे आत सुमारे ३२५ ओहम बसलेले आहेत.

आता ३०० ओहम लिहिलेला एचडी ६०० सर्व स्वरांना ३०० ओहमचा नसतो. या मॉडेलचा अवरोध १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्या वर चढतो. मधल्या स्वरांना यंत्राच्या व्होल्टेजचा ४८ टक्के वाटा मिळतो आणि डग्ग्याच्या प्रदेशात ६१ टक्के. फरक दोन डेसिबलचा. डग्गा फुगला तो यामुळे. तबल्यापुरते ते कानाला गोडही लागते, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. परंतु पुरुष आवाजाचा मंद्र त्याबरोबर जाडसर होतो आणि ते मला चालत नाही. ज्याच्या तोंडाशी एक-दोन ओहमपेक्षा जास्त रोध नाही आणि जे २ व्होल्ट देते, असे छोटे यूएसबी यंत्र वेगळे घ्यावे लागणार. १ व्होल्टऐवजी २ म्हणजे आणखी ६ डेसिबल. जुन्या ध्वनिमुद्रणांचीही सोय झाली.

१२ एप्रिल

काल कूलर लागला. वाळ्याच्या नव्या ताट्या, पाण्याचा पहिला वास, आणि बैठकीच्या खिडकीतून घरभर वारा. रात्री दहा वाजता हेडफोन लावले आणि प्रकल्पाचा पाया हलला.

मोबाइलवरचे ॲप खुर्चीपाशी ६४ डेसिबल दाखवते. ते काही प्रमाणित मीटर नव्हे, पण कूलर बंद असताना तेच ३५ दाखवत होते. ओपन-बॅकच्या जाळीतून हे सगळे थेट कानात येते. विलंबित आलापीतल्या मंद्राच्या जागा वाऱ्यात वाहून गेल्या. मी नकळत आवाज वाढवला, आणि किती वाढवला ते मोजले: आधी गाणे चालू असताना सरासरी ०.११ व्होल्टच्या आसपास जात होते, आता ०.३१. म्हणजे ९ डेसिबल. ७८ वरून ८७ वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ८७ वर माझ्या वाट्याला आठवड्याचे आठ तास उरतात. उन्हाळाभर असे चालवणे शहाणपणाचे नाही.

याहून मजेशीर गोष्ट खर्जात सापडली. काळी एकचे ध्वनिमुद्रण लावले की तंबोऱ्याच्या तळाशी एक मंद लहर येऊ लागली, दोन तंबोरे जुळवताना शेवटच्या पिळापूर्वी येते तशी. हेडफोन काढून कूलरच्या पंख्याकडे पाहिले. मोटारीच्या पट्टीवर मिनिटाला १४०० फेरे लिहिलेले, पाती तीन. १४०० भागिले ६० गुणिले ३ म्हणजे ७० हर्ट्झ, आणि भाराखाली मोटार थोडी मंदावते. आमचा कूलर काळी एकच्या खर्जात गातो आहे, पण व्होल्टेज हलते तसा बेसूर होतो आहे. आबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्याला पेटी द्या साथीला."

शेजारच्या मुलाने स्वतःचे बंद डबीचे हेडफोन आणून दिले. "मी काय म्हणलो होतो, काकू?" ताटीवरच्या पाण्याची सळसळ त्यांनी खरोखर कमी झाली. खर्जाची घरघर मात्र जशीच्या तशी राहिली, कारण नुसत्या गादीने आणि डबीने खालच्या कंपनसंख्या फारशा अडत नाहीत. त्या अडवायला आवाज छाटणारे विद्युत्-यंत्र लागते आणि मग पुन्हा बॅटरी आली. वीस मिनिटांत कानामागून घाम गळ्यापर्यंत आला. बंद डबीने अर्धाच प्रश्न सुटतो आणि नवा एक उभा राहतो.

२० एप्रिल

हेडफोन बदलण्यापेक्षा खुर्ची हलवून पाहिली. आमचे घर नागपूरच्या महाल भागातले, जुने. देवघरामागच्या कोठीच्या खोलीला दीड फुटी भिंती आहेत आणि खिडकी नाही. गव्हाच्या कोठ्या एका बाजूला सरकवल्या, छताचा पंखा एकवर ठेवला. ॲप ४१ दाखवते. आवाज पुन्हा ०.१३ व्होल्टच्या आसपास स्थिरावला. तीन मीटरची वायर स्टुलावरच्या यंत्रापासून खुर्चीपर्यंत आरामात पुरते. उकडते, यात वाद नाही, परंतु भिंती रात्रभर अंग धरून असतात आणि जाळीच्या पाठीमुळे कान तरी कोरडे राहतात.

आवाज बाहेर किती जातो तेही पाहिले. यजमानांना दाराशी, साधारण दोन मीटरवर उभे केले. "राग ओळखता येत नाही, पण बाई गाताहेत एवढे कळते," असा त्यांचा अभिप्राय. दार लोटल्यावर काही कळत नाही. शयनगृहात, शेजारी माणूस झोपलेला असताना, हे हेडफोन उपयोगाचे नाहीत, हे घेणाऱ्याने आधीच समजून असावे.

४ मे

एचडी ६०० मागवले. एचडी ५६०एस स्वस्त पडला असता आणि डोंगलवरच चालला असता, पण तो मला कुठेही ऐकायला मिळाला नाही, आणि फेब्रुवारीत लिहिलेला नियम मोडण्याइतके काही घडले नाही. छोट्या यूएसबी यंत्रासह एकूण खर्च मर्यादेच्या चारशे रुपये आत राहिला, हे यजमानांना लेखी दाखवले.

मैत्रिणीची जोड परत करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या. नवीचा पकड-दाब कानाभोवती बराच घट्ट आहे. बारा वर्षांच्या जोडीने डोक्याशी जुळवून घेतलेले आहे. जुन्या गाद्या दबल्यामुळे कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाजही किंचित बदलतो, तेव्हा दोन्ही जोड्या अगदी सारख्या वाटल्या नाहीत. मला जुनीच जरा बरी वाटली. हे सांगितल्यावर मैत्रीण म्हणाली, "मग ठेव तुझी माझ्याकडे बारा वर्षं."

११ मे

माझ्याच हातून झालेली चूक. चाकांची खुर्ची मागे घेताना वायर चाकाखाली आली, हेडफोन वाचले, पण स्टुलावरचे यंत्र ओढले जाऊन फरशीवर पडले आणि त्याचे छिद्र सैल झाले. पिन विशिष्ट कोनात धरली तरच डावा कान वाजत होता. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने नवे छिद्र बसवून एकशे ऐंशी रुपये घेतले. खुर्ची बदलून लाकडी पाट टाकलेली जुनी खुर्ची आणली आहे आणि वायर स्टुलाच्या पायाला एक सैल वेढा देऊन मग वर घेते, म्हणजे झटका पायाला बसेल.

२५ मे

पारा ४५ च्या पुढे. कोठीच्या खोलीत रात्री अकराला ३६ अंश. कापडी गाद्यांना घामाचा मीठकट पांढरा कडा आला होता. त्या सुट्या करून ओल्या फडक्याने टिपल्या आणि सावलीत वाळवल्या. दर ऐकण्याआधी कानामागे पंचा फिरवणे, हा या हेडफोनच्या माहितीपत्रकात नसलेला भाग आहे. रोज चाळीस मिनिटांवर बसवत नाही, म्हणून विलंबित एक दिवस आणि द्रुत दुसऱ्या दिवशी, असे एकच ध्वनिमुद्रण दोन दिवसांत ऐकते.

२२ जून

पावसाने चार दिवस धरून ठेवले आहे. काल कूलरचे पाणी सोडले, ताट्या काढल्या. खुर्ची आणि स्टूल पुन्हा बैठकीत. ॲप ३८, त्यातले बरेचसे पागोळ्यांचे असावेत. काळी एकचे तेच ध्वनिमुद्रण लावले आणि खर्जातली लहर गेलेली आहे याची खात्री करून घेतली.

आबा आता मी महाविद्यालयात असताना दुपारी हेडफोन वापरतात, असे यजमानांकडून कळले. मला काही बोलले नाहीत. डोक्याची पट्टी माझ्या मापाला दोन्ही बाजूंना तिसऱ्या खाचेवर असते. आज संध्याकाळी ती सहाव्या खाचेवर सापडली, आणि आवाजाचा खटका मी ठेवते त्याहून दोन घरे पुढे.